डावा हात मोकळा काहून?

गोविंदभाऊ, तुम्ही गेल्याला आज चाळीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत मला तुमच्या कामाचं बरंच काही कळलं आहे आणि ते सांगायला माझ्याजवळ माणूस नाही. एरवी मी सरळ दुकानात आले असते. तुम्ही चिंधीने हात पुसत लाकडी बाक पुढे सरकवला असता, समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली असती आणि चहा येईपर्यंत आपलं भांडण सुरूही झालं असतं. दुकानाचं शटर आता खाली आहे. म्हणून कागदावर सांगते.

मोहाडीत तुमची शोकसभा झाली. लोक चांगलं बोलले. कोणी म्हणालं, इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस गेला. कोणी तुमच्या हाताखाली तयार झालेल्या मेकॅनिकांची नावं घेतली. मलाही दोन शब्द बोला म्हणाले, पण मी हात जोडले. मला जे बोलायचं होतं ते माझ्या लहान गाडीबद्दल. तिथे ते सुरू केलं असतं तर दुःखाने बाईचं डोकं फिरलं असंच वाटलं असतं सगळ्यांना.

ती गाडी आमच्या घरी कशी आली हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी मला ते पहिल्यापासून आठवून पाहायचं आहे. आमचे हे, म्हणजे तुमचे शाळेतले दोस्त मधुकर, भंडाऱ्याच्या शोरूममध्ये मोटरसायकल घ्यायला गेले आणि ही घेऊन आले. कोपऱ्यात धूळ खात उभी होती म्हणाले. जिल्ह्यातली निम्मी माणसं ज्या कंपनीच्या मोटरसायकली चालवतात, त्याच कंपनीने मध्येच कधीतरी ही काढली होती. चाकं लहान, पाय ठेवायला सपाट पत्रा, बसायला एकाच माणसाची सीट आणि मागच्या सीटच्या जागी लोखंडी कॅरिअर, चांगलं पोत्याएवढं रुंद. ह्यांना ते कॅरिअर आवडलं. आमचा धंदा कोशाच्या रेशमाचा. विणकरांच्या घरी रेशमाचं सूत पोचवायचं आणि विणून झालेले कापडाचे थान घेऊन यायचं. मोटरसायकलवर बांधलेले थान आंधळगावपासून मोहाडीपर्यंत येताना एका अंगाला झुकायचे. या गाडीवर ते सरळ बसले.

तुम्ही तिला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून इंजिन पाहिलं आणि ह्यांना विचारलं, "मधू, हे कंपनी येडी झाली का? इतक्या मोटरसायकली विकून राहिली, मंग हे कायले बनवली?"

ह्यांनी खांदे उडवले. मी तेव्हा पडद्याआड चहा गाळत होते. तो प्रश्न पुढे इतकी वर्षं आपल्या दोघांच्या अंगावर पडेल असं वाटायचं काही कारण नव्हतं.

दोन वर्षांनी साखरेने ह्यांचे डोळे अधू केले. घरात वावरता येत होतं, पण डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली. मुलगी नागपूरला शिकत होती. सूत पोचलं नाही की माग नुसते उभे राहतात आणि माग उभा राहिला की विणकर दुसऱ्या व्यापाऱ्याचं दार पाहतो. कोणी भरवशाचा माणूस मिळतो का हे विचारायला मी तुमच्या दुकानात आले. तुम्ही एका मोटरसायकलचं चाक काढत होता. मान वर न करता म्हणालात, "तुमीच काहून नाही?"

मी बेचाळीस वर्षांची होते. शाळेत असताना भावाची सायकल चालवली होती तेवढीच. पण तुम्ही ते इतक्या साध्या आवाजात विचारलंत की मला नकाराचं कारण सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर आपली शिकवणी सुरू झाली. तुम्ही मागचं कॅरिअर धरून पळायचात. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला एकदम थांबवलंत. मला वाटलं, काहीतरी चुकलं.

"वयनी, तुमचा डावा हात काय करून राहिला?"

मी पाहिलं. हात मुठीवर नुसता ठेवलेला होता. काही नाही करत, म्हटलं.

"तेच त म्हणतो. ह्या गाडीले हाताचा क्लच नाही. गिअर पायानं पडते. डावा हात मोकळा काहून ठेवला असन?"

मी म्हटलं, कंपनीने एक दांडी वाचवली असेल. तुम्ही मान हलवली आणि गाडीच्या हँडलकडे बघत राहिलात. मी तिथे सीटवर बसून आहे हे तुम्ही विसरला होता. मग हळूच म्हणालात, "नाही वयनी. कोणीतरी इचार केला हाय."

त्या दिवसापासून तुमच्यासाठी एक माणूस जन्माला आला. नाव नाही, गाव नाही, नुसता 'तो'. त्याने ही गाडी बनवली. दर सर्व्हिसिंगला तुम्ही मला त्याच्याबद्दल नवं काहीतरी सांगायचात. पहिल्या वर्षी त्याची आई भाजी विकणारी होती, कारण कॅरिअर कमरेच्या खाली होतं आणि ओझं उचलून वर चढवावं लागत नव्हतं. पुढच्या वर्षी तो डावखुरा झाला, कारण हत्यारांच्या डब्याची कडी उलट्या बाजूने उघडत होती. मग त्याच्या पायात काहीतरी खोट असल्याचं ठरलं, कारण गाडीच्या बाजूला उभं राहूनही किक मारता येत होती. मुलीची एक जुनी शाळेची वही तुम्ही माझ्याकडून मागून नेलीत आणि तिच्यात एकेका भागाचं चित्र काढायला लागलात. चित्राखाली बारीक अक्षरात प्रश्न. उत्तरासाठी दोन ओळी कोऱ्या.

तुमचा सगळ्यात लाडका पुरावा म्हणजे तो आकडा. सीटच्या पुढे, गुडघ्यांच्या मध्ये, पत्र्याला ठोकलेला जाड लोखंडी आकडा. मी त्याला जेवणाचा डबा आणि सुताच्या नमुन्यांची पिशवी अडकवायची. तुम्ही त्यावर बोट ठेवून म्हणायचात की मोटरसायकल बनवणाऱ्याला पिशवी सुचत नाही, ज्याने हा आकडा लावला त्याने पिशवी धरलेली बाई पाहिली आहे.

मला हे पटायचं नाही आणि मी ते तोंडावर सांगायची. कंपनी म्हणजे कोणी एक माणूस नसतो, भाऊ. मीटिंग होते, कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातो, जे स्वस्त पडतं ते होतं. तुम्ही ऐकून घ्यायचात. एकदा मात्र तुम्ही मला अडवलंत. मी नुकतेच आंधळगावहून आणलेले थान तुमच्या बाकावर ठेवले होते. तुम्ही त्यातला एक उलगडून काठ माझ्यापुढे धरलात.

"हे कोनाच्या हातचं हाय?"

मी विणकराचं नाव सांगितलं. काठ जरा आवळून येतो त्याचा.

"कापडातला हात तुमाले दिसते. मंग मले लोखंडातला दिसला त काय झालं?"

मी म्हटलं, माझा विणकर मागावर एकटा बसतो, तुमच्या कारखान्यात हजार माणसं असतील. पण ते बोलताना माझा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, हे तुमच्याही लक्षात आलं असणार. तुम्ही थानाची घडी नीट घालून परत दिलीत. बोटांचं ग्रीस लागू नये म्हणून आधी हात धुतले होते, हे मी नंतर घरी गेल्यावर ओळखलं.

मग तुमच्या डोक्यात पत्राचं आलं. मी बी.ए. झालेली, म्हणून लिहायचं मी. कंपनीच्या पत्त्यावर आपण लिहिलं की आम्ही ही गाडी इतकी वर्षं चालवतो आहोत, ती बनवणाऱ्या गृहस्थांचं नाव कळवावं आणि आकडा कशासाठी आहे तेही कळवावं. दोन महिन्यांनी छापील उत्तर आलं. आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार, अधिक माहितीसाठी जवळच्या शोरूमला भेट द्या. मला हसू आलं. तुम्ही मात्र ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर टांगलंत. "वाचलं त खरं त्यायनं," म्हणालात.

मग कंपनीने गाडी बनवणं बंद केलं. सामान मिळेना. एकदा इंजिन धूर ओकायला लागलं आणि तुम्ही ते खोलून बसलात. मी संध्याकाळी आले तर दुकानभर भाग पसरलेले आणि तुम्ही जमिनीवर मांडी घालून, चेहरा उजळलेला. कंपनीच्या जुन्या मोटरसायकलच्या रिंगा या पिस्टनला बसत होत्या. नुसत्या रिंगा नाहीत, आतलं अर्ध्याहून जास्त इंजिन तेच होतं, फक्त आडवं झोपवलेलं. मोटरसायकलला झोपवून तिची ही लहान बहीण केली, असं तुम्ही म्हणालात. मी विचारलं, मग यात तुमच्या माणसाचा विचार कुठे गेला? त्याने तर जुनंच इंजिन उचललं. तुम्ही पेन्सिल उचललीत. वहीत काहीतरी लिहिलंत. गाडी दुसऱ्या दिवशी धूर न ओकता सुरू झाली आणि तिच्यावर आमचं घर पुढेही चाललं. मुलीचं शिक्षण त्यातच झालं. याबद्दल मी तुमचे कधी नीट आभार मानले नाहीत. भांडणातून वेळ मिळाला नाही.

आणि एक गोष्ट मी तुम्हाला कधी विचारली नाही.

तुमची धानाची बांधी बोडीच्या पाण्यापलीकडे, गावापासून तीन किलोमीटर. रोवण्याच्या दिवसांत आणि कापणीच्या दिवसांत मी त्या सडकेने सूत घेऊन जायची तेव्हा तुमच्या कुंदाबाई मला दिसायच्या. डोक्यावर मजुरांच्या जेवणाचं टोपलं, हातात पाण्याची कॅन. गाडीचा आवाज ऐकून त्या कडेला व्हायच्या आणि हसून विचारायच्या, "निघाल्या का जी ताई?" माझ्या गाडीला दुसरी सीट नव्हती. टोपलं तरी घेते म्हटलं तर त्या नको म्हणायच्या. मी पुढे जायची. मागे कॅरिअरवर रेशीम आरामात बसलेलं आणि जिचा नवरा ओझं वाहणाऱ्या बाईसाठी गाडी बनवणाऱ्याला शोधत होता ती बाई पायी.

यांना का नाही शिकवत, हे विचारायला एक वाक्य पुरलं असतं. मला भीती तुमच्या रागाची नव्हती. तुमचं उत्तर ऐकून तुम्ही माझ्या मनातून थोडे उतराल, याची होती. म्हणून मी आकड्यावर भांडत राहिले.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने नव्या इंजिनांची माहिती द्यायला मेकॅनिकांना नागपूरला बोलावलं. तुम्ही वही घेऊन गेलात. परत आलात तेव्हा मी उत्सुकतेने दुकानात आले, विचारलं का कोणाला? तुम्ही एका कार्बोरेटरवर फुंकर मारत होता. "नाही वयनी. नवीन इंजनाचंच सांगितलं दोन दिवस." चार महिने तुम्ही 'त्या'चं नाव काढलं नाही. मग एक दिवस अचानक नवा तर्क घेऊन आलात की तो बहुतेक खेड्यातला, कारण मडगार्ड चिखलाच्या हिशेबाने उंच आहे. आपलं पुन्हा जुंपलं. मला बरं वाटलं. मधल्या चार महिन्यांत काय झालं होतं हे मी विचारलं नाही.

आपली शेवटची भेट भाद्रपदातली. मुलगी म्हणत होती, आई आता बॅटरीवरची गाडी घे. मी तुम्हाला सांगितलं की ही आता देऊन टाकते. तुम्ही एकदम गंभीर झालात. म्हणालात, थोडं बसा, तुमाले एक सांगाचं हाय. मला नागपूरच्या बसची घाई होती. आल्यावर बसू, म्हटलं. नागपूरलाच मला फोन आला. सकाळी दुकान उघडलं, बाकावर बसलात आणि तसेच कलंडलात. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबला नाहीत.

तेरवीनंतर कुंदाबाईंनी मला वही परत दिली. तुमच्या पोरीची हाय म्हणे, घ्या. मी ती घरी येऊन चाळली. एकेक चित्र, एकेक प्रश्न, खाली कोऱ्या ओळी. आणि शेवटच्या पानावर एका सबनीस साहेबांचं नाव, फोन नंबर आणि तुमच्या अक्षरात: 'वयनीले सांगाचं. पन आत्ता नाही.'

मी तीन दिवस त्या नंबरकडे बघत होते. मग लावला. फोन एका म्हाताऱ्या माणसाने घेतला. मोहाडीहून बोलते म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "तुम्ही वहिनी का?"

ते कंपनीत नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर मेकॅनिकांना शिकवायला जात, तिथे तुम्ही त्यांना गाठलंत. ही लहान गाडी ज्यांनी केली त्या चौघांपैकी ते एक. मी वही उघडून समोर ठेवली आणि एकेक प्रश्न विचारत गेले, तुमच्या क्रमाने.

गोविंदभाऊ, मी जिंकले. एका मोटरसायकलची परदेशातली मागणी अचानक रद्द झाली आणि इंजिनाचे तयार भाग गोदामात पडून राहिले. त्यांचं काहीतरी करा, असा वरून हुकूम आला. त्या भागांतून ही गाडी झाली. क्लचची दांडी खर्च वाचवायला काढली. डब्याची कडी उलटी बसली कारण तो डबा दुसऱ्याच गाडीचा होता. आणि आकडा पिशवीसाठी नाहीच. कारखान्यातून ट्रकमध्ये गाड्या भरताना त्या हलू नयेत म्हणून दोरी बांधायला तो लावला होता.

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं मी हेच म्हणत होते, आणि ते खरं निघाल्यावर मला वही बंद करून टाकावीशी वाटली.

मी त्यांना विचारलं, हे सगळं तुम्ही गोविंदभाऊंना सांगितलं होतं? हो, म्हणाले, शब्दन् शब्द. मग तुम्हीच त्यांना सांगायला लागलात. चैताच्या वावटळीत थान सुटायला लागले तेव्हा वहिनींनी मागे डावा हात देऊन ते गावापर्यंत कसे धरून आणले. आकड्याला काय काय लटकतं. किक बाजूला उभं राहून मारता येते म्हणून साडी कशी सांभाळली जाते. सबनीस म्हणाले, त्यांनी हे सगळं लिहून घेतलं, कारण गाडी बाजारात चालली नाही म्हणून तिच्याबद्दल त्यांना कधी कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, घरी जाऊन वहिनींना सांगणार ना? तुम्ही म्हणालात, सांगीन, पण सांगितलं की भांडण संपेल आणि मग वहिनी दुकानात बसायच्या नाहीत.

इथे मला फोन थोडा वेळ कानापासून दूर धरावा लागला.

फोन ठेवण्याआधी मी वहीतलं पहिलं चित्र विचारलं. कॅरिअर इतकं खाली का? सबनीस हसले. ते मात्र मुद्दाम केलं होतं म्हणाले. त्यांच्यातला एक फिटर कारखान्याच्या कँटीनमध्ये तांदळाची पोती उचलणाऱ्या बाईला बोलावून आणायचा. तिला पोतं ठेवायला लावायचा, ती जिथे थांबेल तिथे खडूची रेघ मारायचा. तीन वेळा कॅरिअर खाली घेतलं. बाईचं नाव आठवतं का, विचारलं. नाही आठवलं. फिटर वारला. हे तुम्हाला सांगायचं ते विसरले होते, त्या दिवशी तुम्हीच इतकं बोलत होता.

म्हणजे भाऊ, एक ओळ तुमची. भाजी विकणारी आई नव्हती, पण पोतं उचलणारी बाई होती. मी ते वहीत पहिल्या कोऱ्या ओळीवर लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हे सगळं सांगायला कुंदाबाईंकडे गेले. त्या अंगणात तुरीच्या दाण्यांतले खडे वेचत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"त्या कँटीनच्या बाईले गाडी भेटली का?"

मला हे सुचलंच नव्हतं. आपण दोघं इतकी वर्षं भांडलो, हा प्रश्न आपल्या दोघांनाही सुचला असता असं मला वाटत नाही. आणि तो ऐकल्यावर माझा प्रश्न माझ्याजवळ ठेवणं शक्य नव्हतं. मी विचारलं, "कुंदाबाई, भाऊनं तुमाले काहून नाही शिकवली गाडी?"

"शिकवली न जी," त्या म्हणाल्या. हात चालूच होते. "तुमच्यावाली नाही. मोठी."

त्याच सांगत गेल्या. उन्हाळ्यात बोडी सुकली की तिचं बूड मैदानासारखं टणक होतं. तिथे सकाळी तुम्ही त्यांना तुमची मोटरसायकल शिकवलीत. लहान गाडी घेऊन देतो असं तुम्ही म्हणाला होता, त्यांनीच नको म्हटलं. त्यांना ती गाडी कधी आवडली नाही. एक हात रिकामा ठेवून चालवायचं त्यांना चमत्कारिक वाटायचं. क्लच सोडताना गाडी हाताखाली उचलते ते त्यांना आवडायचं. सहा-सात उन्हाळे त्या बोडीत फिरल्या, गोल गोल.

"मंग सडकेवर?"

"सडकेवर त्यायनं नाही म्हटलं. म्हणे, लोकं हासतीन."

"कोनाले? तुमाले का त्यायले?"

"मीनं बी हेच इचारलं होतं." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "पाना उचलला न दुकानात गेले."

तुम्ही माझ्या मनातून उतरलात का, गोविंदभाऊ? त्या दुपारी, हो. मला शाळेच्या मैदानावर, सगळ्या गावासमोर पळवत शिकवणारा माणूस स्वतःच्या बायकोला सुकलेल्या बोडीत फिरवत होता. लोक मला हसले तेव्हा तुम्ही त्यांना दटावलं होतं. ते हसणं तुमच्या घरापर्यंत येईल म्हटल्यावर तुम्ही घाबरलात. मी रागाने घरी आले. ह्यांना सांगितलं. हे अंदाजाने खिडकीकडे वळून म्हणाले, "शिकवली त होती न त्यानं. सहा उन्हाळे कोन पेट्रोल जाळते?" तेही खरं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही तुम्हीच आहात. तुम्ही असतात तर याच्यावर आपलं जन्मभर पुरेल एवढं भांडण झालं असतं.

परवा सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या दारापुढे मोटरसायकल थांबली. आवाज तुमच्या गाडीचा होता. मी हातातली सुताची लडी टाकून दाराकडे धावले, का ते विचारू नका. कुंदाबाई होत्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात तुमच्या जुन्या चपला, मागे दोरीने बांधलेलं, एका अंगाला झुकलेलं टोपलं. दोन्ही हात हँडलवर आणि कपाळावर घाम.

"धान कापनं चालू झालं जी आज," त्या म्हणाल्या. "मजुरायचं जेवन न्याचं हाय. टोपलं धराले कोनी पाहिजे. येता का?"

मी विणकराला फोन करून सूत दुपारी आणते म्हटलं आणि टोपलं मांडीवर घेऊन मागे बसले. गाडी सुटताना एक हिसका बसला, नंतर नाही. चौकात त्यांनी डावीकडे-उजवीकडे नीट पाहिलं. मग सडक लागली. दोन्ही बाजूला धान पिवळं झालेलं. वळणावरच्या पानठेल्यावर पाचसहा जण बसले होते. त्यांनी लांबूनच गाडी ओळखली आणि मग गाडीवर कोण आहे ते ओळखलं. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं, तुमच्यासाठी.

एकजण हसला, गोविंदभाऊ. कुंदाबाईंनी गिअर बदलला.